अठरावी मूठ

श्रावणातल्या एका सकाळी आमच्या गल्लीतली पिठाची गिरणी धुतली जाते. एरवी वर्षभर त्या दारातून ज्वारीचा, ज्वारी-उडदाच्या कळण्याचा, हरभऱ्याच्या डाळीचा असा संमिश्र, घरगुती गंध दरवळत असतो. त्या दिवशी मात्र गिरणीवाला दगड पुसून काढतो, पट्टा झाडतो, उंबऱ्यावर पाणी शिंपडतो आणि मग दुपारपर्यंत दुसऱ्या कुठल्याही धान्याला हात न लावता फक्त कानबाईच्या रोटाचे गहू दळतो. ओल्या दगडाला पहिल्या गव्हाची ऊब लागली की जो वास सुटतो तो दमट असतो, किंचित गोड असतो, आणि मला तो सहन होत नाही. गेल्या वर्षी आणि यंदाही त्या सकाळी मी दूध आणायला लांबच्या वाटेने गेलो. बायको म्हणाली, बॉम्बच्या धुराने ज्याला कधी ठसका लागला नाही त्याला आता पिठाचा लागायला लागला. ती थट्टेत म्हणाली आणि मीही ते थट्टेवारी नेलं.

पंचवीसेक वर्षं मी युद्धाच्या बातम्या पाठवण्याचं काम केलं. सीमेवरच्या चौक्या, परमुलखातली उद्ध्वस्त बाजारपेठ, इस्पितळाच्या व्हरांड्यात उन्हाची तिरीप सरकेल तसतसं आपलं अंथरूण सरकवणारे जखमी लोक, हे सगळं पाहून मी दर वेळी जळगावच्या आमच्या दोन खोल्यांत परत येत असे आणि परत आल्याची लाज वाटू नये म्हणून लिहीत असे. त्यातून तीन पुस्तकं झाली. पहिल्यात सैनिकांनी घरी लिहिलेली पत्रं होती म्हणून ते प्रेमाचं ठरलं. दुसरं मृत्यूचं आणि तिसरं धैर्याचं. ही वाटणी प्रकाशकाने केली, वाचकांनी ती मान्य केली आणि हळूहळू माझाही तिच्यावर विश्वास बसला. शाली मिळाल्या, नारळ मिळाले. तिसऱ्या पुस्तकातलं एक प्रकरण मात्र लोकांच्या फार मनात भरलं. व्याख्यानाला उभा राहिलो की पुढच्या रांगेतून चिठ्ठी येई, 'मुठीचं सांगा.' आणि मी सांगत असे, आवाज नेमका कुठे खाली आणायचा हेही मला पाठ झालं होतं.

त्या प्रकरणाचं मूळ एका उंच चौकीवर होतं. तिथे मला भूषण भेटला. मी जळगावचा आहे हे कळताच त्याने बंदूक खांद्यावर सारली आणि हिंदी सोडून सरळ अहिराणीत शिरला. "भाऊ, आठे भरीत नही, कळणानी भाकर नही, नुसतं बरफ शे. बरफ खाईसन मानूस कितला दिन जगी?" त्या निर्जीव, निळसर प्रकाशात, जिथे श्वाससुद्धा गोठून मिशीवर बसत होता, तिथे वांग्याच्या भरिताची आठवण काढून आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. चार दिवस मी त्याच्या शेजारी झोपलो. निघताना तो म्हणाला, "गावले जाशी त मायले सांगजो, मी जाडा व्हयेल शे." अंगावर चार-चार थर चढवलेला तो आतून काठीसारखा होता. पुढे काही महिन्यांनी त्याच चौकीवर तोफगोळा पडला, आणि त्याचा निरोप पोचवण्याआधी त्याचं शव गावी पोचलं.

दोन वर्षांनी, तिसऱ्या पुस्तकाची जुळवाजुळव चालली असताना, मी त्याच्या आईकडे गेलो. दोंडाईच्यापासून आत, काळ्या मातीच्या सपाटीवर वसलेलं ते गाव. घर केसरअक्कांचं, म्हणजे भूषणच्या आईचं. नवरा केव्हाच गेलेला. पण दीर, पुतणे, त्यांची मुलं अशी सगळी भाऊबंदकी एकाच अंगणाभोवती राहणारी, आणि त्या सगळ्यांत वयाने मोठी बाई तीच. मी निरोप सांगितला, 'तो जाडा झाला होता.' अक्का माझ्याकडे पाहत राहिली आणि मग खळखळून हसली. "खोटारडा," ती म्हणाली. मला म्हणाली की त्याला, ते मला उमगलं नाही.

मी गेलो तो नेमका कानबाईचा आठवडा होता. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर ही देवी बसते. नारळाला नथ घालून, साडी नेसवून मांडतात, सोमवारी नदीवर पोचवतात. तिच्या नैवेद्याला जे रोट करतात त्यांचे गहू कुठल्याही मापाने मोजत नाहीत. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने, पाळण्यातल्या तान्ह्यापासून खाटेवरच्या म्हाताऱ्यापर्यंत, एकेक सव्वा मूठ परातीत पडते, आणि ती घरातल्या थोरल्या बाईच्या हातची असते. भाजलेले रोट भाऊबंदकीतच संपवायचे, कुळाबाहेरच्याला त्यातला तुकडाही द्यायचा नाही, असा दंडक आहे. माझ्या आईच्या हयातीत आमच्याकडेही हे होत असे. मी कुठल्या युद्धात असलो तरी इकडे माझ्या नावाची मूठ पडलेली असे. गव्हातले खडे वेचता वेचता अक्काने मला सहज विचारलं होतं, तुमच्याकडे बसते का कानबाई? मी म्हणालो, आई गेल्यापासून नाही. आणि आता कुठे जाणार? म्हटलं, पुढच्या आठवड्यात पुन्हा लढाईवरच, समुद्रापलीकडे. तिने खडे बाजूला सारले.

मग ती मोजायला बसली. छपरातल्या फटीतून उतरलेला उन्हाचा कवडसा बरोबर परातीच्या काठावर टेकला होता आणि गहू त्यात पडताना क्षणभर सोन्याचे होऊन पुन्हा गहू होत होते. तिचे ओठ हलत होते, नावं ऐकू येत नव्हती. मी मात्र मोजत होतो, सवयच ती. अठरा मुठी झाल्या. मग मी विचारलं, "अक्का, घरात पुरुष किती?" ती म्हणाली, "सतरा."

माझ्या धंद्यात एक विद्या शिकून घ्यावी लागते, गप्प राहण्याची. माणूस बोलत आला की आपण बोलायचं नाही; शांतता त्याला असह्य होते आणि जे सांगायचं नसतं तेही तो सांगून टाकतो. या विद्येवर मी पंचवीस वर्षं भाकरी खाल्ली. त्या दिवशीही मी पुढचा प्रश्न विचारला नाही. सतरा पुरुष आणि अठरा मुठी, म्हणजे जास्तीची मूठ गेलेल्या लेकाची, हे इतकं स्वच्छ दिसत होतं की विचारणं मला असभ्य वाटलं. खरं सांगायचं तर, विचारलं असतं तर हाती आलेलं काहीतरी निसटेल अशी भीती वाटली. मी वहीत दोन आकडे लिहिले आणि त्यांच्याखाली रेघ ओढली.

सोमवारी कानबाई नदीवर गेल्यावर मी निघालो, तेव्हा अक्काने मला घराच्या मागच्या बाजूला नेलं. पदराखालून फडक्यात बांधलेला एक रोट काढला. "खाई ले," ती म्हणाली, "आन कोनले सांगू नको." भूषणचा विषय तेव्हा मीच काढला. ती म्हणाली, "तो नही शे, हाई माले मालूम शे. पन हातले काय सांगू?" तुपात मळलेला तो गोडसर रोट मी तिच्यासमोर, उभ्या उभ्या खाल्ला. माझे डोळे भरून आले होते. आणि ते भरून आलेले असतानाच, तिचं ते हाताचं वाक्य प्रकरणाच्या शेवटी येईल, हे मी ठरवून टाकलं होतं.

पुस्तकात मी काळजी घेतली होती, असं मी स्वतःला कितीतरी दिवस सांगत आलो. तिचं नाव बदललं, भूषणचं बदललं, गाव तर उचलून थेट एरंडोलच्या बाजूला नेऊन ठेवलं. इतकं की तिकडच्या एका चिकित्सक वाचकाने पत्र लिहून कळवलं, आमच्या तालुक्यात असलं गाव नाही, आपण पद्मालयाच्या गणपतीच्या दर्शनाला येऊन एकदा भूगोल पाहून जावं. मी हसलो होतो. मूळ आकडे मात्र तसेच ठेवले. सतरा आणि अठरा, यांतच तर सगळं सौंदर्य होतं. आणि रोट मी खाल्ला, हेही ठेवलं. 'त्या माउलीने मला मृत्यूच्या वाट्याचा घास भरवला' असलं एक वाक्य त्याला जोडलं, ते आज मला मोठ्याने वाचवत नाही. नावं बदलली म्हणजे कोणाला सांगितलं नाही, असा माझा हिशेब होता. पण आमच्याकडे घर नावाने थोडंच ओळखलं जातं. आपल्या घरच्या मुठी किती, हे भाऊबंदकीतल्या प्रत्येक बाईला आपल्या बांगड्यांइतकं ठाऊक असतं. (इथलीही नावं खरी नाहीत. पण हा लेख मी छापायला देण्यापूर्वी अक्काला वाचून दाखवला. तिने दोन ठिकाणी हात वर केला. ती दोन ठिकाणं आता यात नाहीत.)

जळगावला एका हिवाळ्यात माझं व्याख्यान झालं. मूठ सांगून झाली, टाळ्या झाल्या, आणि गर्दी ओसरल्यावर एक शिक्षिका पुढे आली. सही घ्यायला आली असेल म्हणून मी पेन काढलं. तिने आपलं नाव वैशाली सांगितलं. ती अक्काची पुतणसून निघाली. "सर, पुस्तक मीच घरी नेलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, भूषणभाऊजींचं आहे, सगळे वाचतील." सगळ्यांनी वाचलं. त्यानंतर घरात एक पुतण्या मोटरसायकलवरून पडला, पाय मोडला. एक तान्हं पोर महिनाभर दवाखान्यात राहिलं. पडायचं ते पडलंच असतं, पण दुःखाला बोट दाखवायला जागा लागते. धाकटे दीर, ज्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांनी अक्काला विचारलं, एक मूठ जास्तीची का? आणि रोट कुळाबाहेर कसा गेला? अक्का काही बोलली नाही. त्या श्रावणात परात तिच्या धाकट्या जावेपुढे, घरात जिला लहानी म्हणतात तिच्यापुढे, ठेवली गेली. "अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, सर. मांडीवर हात ठेवून. तुम्ही आज इतकं छान सांगितलंत, तेव्हा मला सारखा त्यांचा हात दिसत होता." हे ती रागाने म्हणाली नाही. सहीसाठी काढलेलं पेन मी खिशात ठेवलं.

मी लगेच गेलो असेन असं कुणाला वाटेल. मी गेलो नाही. गोळीबारात रांगत जाणारा माणूस दोंडाईच्याची बस पकडायला सव्वा वर्ष घाबरला. मध्ये आणखी एक श्रावण येऊन गेला, आणखी एकदा ती भिंतीला टेकून बसली, आणि मी दूध आणायला लांबच्या वाटेने गेलो. धैर्यावरच्या माझ्या पुस्तकाची त्याच वर्षी नवी आवृत्ती निघाली.

अखेर फाल्गुनात गेलो. बसने एरंडोल ओलांडताना मी उगाच खिडकीबाहेर पाहायचं टाळलं. धुळ्याच्या स्टँडवर गाडी बदलली. तिथल्या उन्हाला तापलेल्या पत्र्याचा आणि उसाच्या रसाचा वास होता, आणि परत फिरावं असं एकदा मनात आलं. दोंडाईच्याच्या अलीकडे शेतांतून लाल मिरच्या वाळत पडलेल्या, सारी क्षितिजापर्यंतची जमीन तांबडी, आणि बसमधला प्रत्येक माणूस आळीपाळीने खोकत होता. अक्का अंगणात खाटेवर ज्वारीचे पापडासारखे बिबडे वाळत घालत होती. मला पाहून तिने नवल केलं नाही. "बठ," म्हणाली.

"अक्का, माझं चुकलं."

"काय चुकनं?"

आयुष्यभर प्रश्न विचारले, पण असा उलटा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "कोणाला सांगू नको म्हणालात, आणि मी भूषणची मूठ लिहून टाकली."

तिने एक बिबडा उलटला. "भूषणनी मूठ बठ्ठास्ले मालूम व्हती. आबाले, लहानीले, बठ्ठास्ले. कोन्ही बोले ना, मी बी बोलू ना." मग माझ्याकडे पाहून, पोराचं गणित तपासावं तशी, म्हणाली, "तूच मोजाले चुकना. घरमा मानसं सोळा. सतरावा मना भूषण. तू इचारं, मी सतरा सांगं. मन्हासाठे सतराच शेतस."

अंगणात ऊन स्तब्ध उभं होतं. मी कसंबसं विचारलं, "मग अठरावी?"

"तुनी."

आणि मी गप्पच आहे असं पाहून, माझ्या त्या प्रसिद्ध विद्येची कीव आल्यासारखं, तिने पुढचंही सांगितलं. "तू म्हने ना, माय गयी तैपासून घर कानबाई बसत नही. बंदुकास्मा फिरस, आन नावनी मूठ लेवाले मांगे कोन्ही नही. मंग मी ली. तो रोट बी तुनाच व्हता. आपला वाटा आपन खावा पडस, म्हनीसन तुले दिधा."

तिच्या घरातलं एक माणूस म्हणून तिने मला मोजलं होतं. जिवंत परत यावा म्हणून ज्यांची मूठ घ्यायची, त्या नावांत माझं नाव धरलं होतं. कुळाचा दंडक मोडून, कोणाला न सांगता. मी तिच्यासमोर उभा राहून स्वतःच्या आयुष्याचा वाटा खाल्ला आणि त्याला मृत्यूचा घास म्हणून छापलं, गावोगाव सांगितलं, त्यावर शाली घेतल्या. आबांना खटकली ती भूषणची मूठ नव्हतीच. तिच्यावर तर सगळ्या घराने मिळून मौनाचं पांघरूण घातलं होतं. खटकली ती माझी. मला रडू आलं नाही. इतकं सोपं काहीच आलं नाही. नुसती लाज वाटली, नागवी लाज.

"मग आबांनी विचारलं तेव्हा सांगायचं होतंत ना, माझी होती म्हणून! सतराव्या मुठीपर्यंत तर त्यांना चालतच होतं, जास्तीचा दोष माझ्यावर आला असता."

तिने खरोखरच आश्चर्याने माझ्याकडे पाहिलं. "'कोनले सांगू नको' आसं मीच म्हनं व्हतं ना तुले? मंग मी कशी सांगसू?"

मी म्हणालो, आबांना मी सांगतो. "सांग," ती म्हणाली आणि पुन्हा बिबड्यांकडे वळली. "तुले सांगता येस." त्यात टोमणा होता की परवानगी, हे विचारायचं धाडस झालं नाही. आबा ओट्यावर बसले होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं: अठरावी मूठ माझी होती, अक्काने ती माझी दया येऊन घेतली, चुकला तो माझा हात, तिचा नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टोपी काढून पुन्हा घातली, आणि "दखू", म्हणजे पाहू, एवढंच म्हणाले. चहा मात्र पाजला.

यंदाच्या श्रावणात, सोमवारी दुपारी, कानबाई नदीवर पोचून घरं रिकामी झाली असतील असा अंदाज घेऊन मी वैशालीला फोन केला. ती सणाला गावीच गेलेली होती. मागे भांड्यांचा आवाज, बायकांचं हसणं. मी विचारलं, "परातीपाशी कोण बसलं?"

"अक्काच," ती म्हणाली. "लहान्या काकूंनी स्वतः परात त्यांच्यापुढे सरकवली. आबा काही बोलले नाहीत."

छातीवरचं ओझं हललं. आणि ते हललं न हललं तोच माझ्या तोंडून, इतक्या वर्षांच्या सवयीने, पुढचा प्रश्न निघून गेला. "मुठी किती झाल्या?"

पलीकडे भांड्यांचा आवाज दूर गेला, ती फोन घेऊन बाहेर आली असावी. मग वैशाली, अगदी मऊपणे, म्हणाली, "ते नाही सांगणार मी, सर."

नाही म्हणणाऱ्या माणसाकडून काढून घ्यायच्या दहा तऱ्हा मला येतात. त्यांतली एकही मी वापरली नाही. बरं, म्हटलं, आणि फोन ठेवला. बाहेर ढगातून निसटलेलं पिवळं ऊन समोरच्या भिंतीवर पडलं होतं आणि बायको आत पोळ्यांची कणीक मळत होती. सोळा, सतरा की अठरा. त्या घरात कोणीतरी अजून मला मोजतं की नाही, एवढं एकच मला जाणून घ्यायचं होतं, आणि तेच मला कोणी सांगणार नाही, कारण मला सांगितलेलं सांगितल्यासारखं राहत नाही, हे आता त्या अंगणात सगळ्यांना माहीत आहे.